बिनमिरचीचे डबल्स

"या मिस्टर लेझामा, तुम्ही पुढे या," बासदई म्हणाली. मिस्टर लेझामा म्हणजे मी.

शनिवारची सकाळ. बेलमाँटच्या कोपऱ्यावर तिची डबल्सची गाडी, गाडीपुढे नेहमीची रांग, आणि रांगेच्या टोकाला मी, काठी टेकून. तिनं हाक मारली तशी पुढची माणसं बाजूला झाली. प्रेतयात्रेला वाट देतात तशी झाली. कोणी कुरकुरलं नाही, कोणी "काय हो, आम्ही काय इथे फुलं वेचतोय?" असं विचारलं नाही. सकाळची भुकेली माणसं, डबल्सची रांग, तीही बेलमाँटमधली, आणि कुरकुर नाही! मी पुढे गेलो. जायला नको होतं, पण एवढी वाट मोकळी करून ठेवल्यावर माणूस करणार काय. बासदईनं तळलेल्या दोन मऊ पुऱ्या उचलल्या, त्यांवर चण्याची उसळ घातली, कागदात गुंडाळलं आणि माझ्या डाव्या हातात अलगद ठेवलं. "मिरची नाही घातली हं," ती म्हणाली, "पोटाला बरं." विचारलंसुद्धा नाही. हीच बाई इतकी वर्षं मला बघितलं की गाडीवरूनच ओरडायची, "आला भोंगा! ए भोंग्या, तुला कशाला रे मिरची? तुझीच जीभ वाटून मी चटणी करते." मग मी म्हणायचो, "कर की. तुझ्या चटणीला एकदा तरी चव येईल." रांग हसायची. कोणीतरी तिसरा तोंड घालायचा, त्याला आम्ही दोघं मिळून झोडायचो. डबल्स खाऊन होईपर्यंत माझा दिवस सुरू झालेला असायचा. आज मी कडेला उभं राहून ते मऊ, गोडसर, बिनमिरचीचं प्रकरण चघळलं. उसळ तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून गळत होती ते मला कळत होतं. ते सगळ्यांना दिसत होतं, आणि सगळे कोपऱ्यावरच्या, पिवळ्या फुलांनी भरलेल्या पोईच्या झाडाकडे बघत होते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे घोळ नको. माझ्या डोक्यात काही झालेलं नाही. म्हणजे झालं ते डोक्यातच झालं, झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, पण आतलं तोंड होतं तसंच आहे. आत मी अजून भोंगाच आहे. बाहेरचं तोंड तेवढं ऐकत नाही. आतून शब्द निघतो तो ताठ, इस्त्री केलेला, आणि ओठांपर्यंत येईतो त्याचा पार चोळामोळा होतो. वाट काढत, धडपडत, थांबत येतो. कधी येतच नाही. तोवर समोरच्यानं मान तिरकी करून, डोळे मऊ करून, मला हवा होता त्याच्याऐवजी दुसराच कुठलातरी शब्द माझ्या हातात ठेवलेला असतो. "पाणी हवंय का? बसायचंय का?" नाही रे बाबा. मला म्हणायचं होतं की तुझ्या शर्टाचा रंग बघून माझी दुसरीही बाजू लुळी पडेल. पण हे म्हणायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तो शर्टवाला मला खुर्चीत बसवून, खांद्यावर थोपटून, निघून गेलेला असतो.

डबल्सचा कागद चुरगाळून खिशात टाकला आणि घराकडे निघालो. आमची गल्ली चढाची आहे. पूर्वी ही गल्ली मी पायी कधी चढलोच नाही. टॅक्सी होती. शहरातल्या चौकातल्या अड्ड्यावरून पाच उतारू भरायचे आणि बेलमाँटला सोडायचे, पुन्हा पाच भरायचे. सगळा जन्म त्यातच गेला, आणि मजेत गेला, कारण अड्डा होता. गाडी भरेपर्यंत ड्रायव्हर करणार काय? बोनेटला टेकून एकमेकांची सालटी काढणार. आमच्या बेटावर याला पिकाँग म्हणतात. कोण कसं चालतो, कोणाची बायको कोणाला काय म्हणाली, कोणाच्या गाडीचा सायलेन्सर पडला, कशालाही धरून बोलायचं, आणि असं बोलायचं की ऐकणारे हसून वाकले पाहिजेत आणि ज्याला लागलं त्यानंही हसलं पाहिजे. हसला नाही, चिडला, तर तो हरला. गप्प बसला तरी हरला. उत्तर द्यायचं, तेही लगेच, तेही वरचढ. अड्ड्यावर नवीन आलेल्या ड्रायव्हरशी आम्ही आधी चांगलं वागायचो. "नमस्कार, कसं काय, ठीक ना?" बिचारा खूश व्हायचा. मग एक दिवस कोणीतरी त्याच्या कानांवरून बोलायचं, आणि त्या दिवसापासून तो अड्ड्याचा. त्याची गाडी बंद पडली तर ढकलायला सगळे धावायचे. चांगलं वागणं हे आमच्याकडे परक्यांसाठी असतं, पाहुण्यांसाठी आणि पोलिसांसाठी. आणि आता माझ्यासाठी. चढ चढताना हे मनात आलं आणि मी तिथेच थांबलो. दम लागला म्हणून थांबलोय असं समजून समोरच्या घरातल्या बाईनं खुर्ची बाहेर आणली.

कालच मिस ग्रेझेटनं मला एक शब्द दिला होता. मिस ग्रेझेट म्हणजे मला बोलायला शिकवणारी बाई. पोरगीच आहे, शेजारच्या बार्बाडोस बेटावरची, शिकून इकडे नोकरीला आलेली. इस्त्रीचे कपडे, इस्त्रीचं बोलणं. सोमवारी आणि शुक्रवारी मी तिच्यासमोर बसतो आणि ती मला शब्द देते. अर्थ सांगायचा, मग वाक्यात उपयोग करायचा. छत्री, शेजारी, वादळ, असे शब्द. काल ती म्हणाली, "आज जरा अवघड घेऊ या. टाँट." मी बघतच राहिलो. मला वाटलं कोणीतरी तिचे कान भरले. पण नाही, तिच्या यादीत होता तो शब्द, वादळाच्या खाली. मी अर्थ जुळवायला लागलो. आत एवढं सगळं गोळा झालं, अड्डा, बोनेटं, बासदईची चटणी, माझा दोस्त बोकड आणि त्याची दाढी, की बाहेर यायला दाराशीच चेंगराचेंगरी झाली. "टाँट म्हणजे... आपला... आपला..." मी म्हणत राहिलो. तिनं थोडा वेळ वाट बघितली. वाईट नाही ती, वाट बघते. मग तिनंच वाचून दाखवलं, "दुसऱ्याला दुखावण्यासाठी किंवा चिडवण्यासाठी काढलेले शब्द." मी मान हलवली. नाही. "नाही?" ती म्हणाली, "पण असंच लिहिलंय." असेल लिहिलेलं. लिहिणाऱ्याला बिचाऱ्याला कोणी भोंगा म्हटलं नसेल. मला तिला सांगायचं होतं की हा अर्थ खोटा नाही, तशीही माणसं असतात, तेवढ्यासाठीच तोंड उघडणारी. पण उरलेलं सगळं सांडलंय त्यातून. मला एवढंही सांगायचं होतं की पोरी, तुमचं बेट इतकं लहान, की ड्रायव्हरनं गाडी रिव्हर्सला घातली की मागची चाकं समुद्रात. हे तुला इथे अजून कोणीच म्हटलेलं नाही याचा अर्थ काय होतो माहीत आहे का तुला? पण तोंडातून निघालं फक्त "बेट", आणि तिनं "बेट! छान!" म्हणून शाबासकी दिली. "सोमवारी टाँटचं वाक्य तयार करून या," ती म्हणाली, "एकच, साधं."

घरी फेमी माझ्यासाठी पेलाव, म्हणजे आमचा कोंबडीभात, करत होती, कोंबडी बारीक तोडून. फेमी माझी बायको. पेलावातली कोंबडी बारीक करायची नसते, हाड हातात धरून खायचं असतं, हे बेलमाँटमध्ये लहान मुलालाही ठाऊक आहे. मी पातेल्यात डोकावलो, तिनं माझ्याकडे बघितलं आणि झाकण ठेवलं. माझी फेमी! जिनं लग्नाच्या दिवशी, चर्चच्या पायरीवर, सगळ्यांदेखत सांगितलं होतं की मी याच्याशी लग्न करतेय कारण रेडिओ घ्यायला पैसे नाहीत. आता ती फोनवर हळू आवाजात बहिणीला सांगते, "हो, हळूहळू सुधारतोय. नाही गं, मी काही बोलत नाही त्याला." माझी वाक्यं ती पुरी करते. मी "मला" म्हटलं की ती पुढचं घेते. मी घोरतो त्याबद्दल एक अक्षर नाही. पूर्वी सकाळी उठल्या उठल्या विचारायची, "रात्री कुठला चढ चढत होतास रे? इंजिन फार तापलं होतं." आता उशी सरळ करते. तिचा हात फार मायेचा असतो, आणि कधी कधी मला तो हात धरून ओरडावंसं वाटतं, की अगं, मी आहे अजून, मला मारून टाकू नका असं. पण ओरडायलाही शब्द लागतात.

दुपारी बोकडाच्या घरी जायचं होतं, पत्ते खेळायला. बोकडाचं खरं नाव इग्नेशियस, पण दाढीमुळे त्याला पोस्टमनसुद्धा बोकड म्हणतो. अड्ड्यावर त्याची गाडी माझ्या गाडीमागे लागायची आणि घर आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला. दर शनिवारी त्याच्या व्हरांड्यात ऑल फोर्सचा डाव. मी आणि फेमी एका बाजूला, तो आणि बासदई दुसऱ्या. बासदईची गाडी दुपारपर्यंत रिकामी होते, मग ती हात धुऊन येते ती मिशी नसलेल्या हवालदारासारखी. पत्ते हे निमित्त. ऑल फोर्स गप्प बसून खेळणारा माणूस या बेटावर जन्मायचाय. मी दवाखान्यातून आल्यावर डाव पुन्हा सुरू झाला तेव्हा मला वाटलं होतं की निदान तिथे. निदान बोकड. पण बोकड तर सगळ्यांत वाईट निघाला. माझ्या पाठीला उशी, माझ्यासाठी मॉबीच्या सरबतात जास्त साखर, आणि माझ्याकडे न बघता बोलणं.

तो का बघत नाही ते मला माहीत आहे. तो दिवस आम्हा दोघांनाही माहीत आहे. चौकात कडक ऊन होतं, गाड्या भरत नव्हत्या आणि मी रंगात आलो होतो. बोकडाच्या गाडीवर बोलत होतो. ती गाडी चढ दिसला की मागे जायची, हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या दिवशी मला त्यावर काहीतरी नवीन सुचलं होतं. मी सुरुवात केली, "बोकडा, तुझी गाडी चढाला का घाबरते सांगू? कारण..." आणि पुढचा शब्द आलाच नाही. जीभ जड झाली, पाय कोणीतरी काढून नेला, आणि मी बोनेटवरून घसरून खाली. आणि सगळे हसले. हसणारच. मी असली नाटकं पुष्कळ केली होती. बोकड तर टाळ्या पिटत होता, "उठ रे, पुरे झालं नाटक! शब्द सुचला नाही तर लोळतोस काय?" तो हसत राहिला. बाकीचे थांबले तरी तो हसत होता, मग कोणीतरी त्याचा दंड धरला.

मला ते सगळं ऐकू येत होतं. हे मी कोणाला सांगू शकलेलो नाही, म्हणून इथे सांगतो. डांबर गालाला भाजत होतं, डोळ्यांपुढे बोकडाच्या गाडीचं टायर होतं, झिजून गुळगुळीत झालेलं, आणि कानात हसणं होतं. आणि तोपर्यंत मला भीती वाटली नाही. अगदी खरं सांगतो. मला वाटलं, अड्ड्यावर आहे, आपली माणसं हसतायत, काय व्हायचंय? भीती वाटली ती हसणं थांबल्यावर. एकदम थांबलं ते. मग पळापळ, पाणी, "मिस्टर लेझामा, ऐकू येतंय का?" असं कोणीतरी. तेव्हा मी घाबरलो. आणि ते थांबलेलं हसणं तेव्हापासून पुन्हा सुरूच झालेलं नाही. बोकडाला वाटतं की तो हसला हा गुन्हा झाला. त्याला कसं सांगू की बाबा रे, तू गप्प झालास तिथे घात झाला.

व्हरांड्यात वारा होता. बासदई पत्ते पिसत होती आणि तिच्या बहिणीच्या नणंदेबद्दल काहीतरी सांगत होती, सगळं सौम्य, सगळं गुळगुळीत. माझ्या डाव्या हातात पानं धरायचा मला आता सराव झालाय. पानं आली आणि मी जरा सावरून बसलो. इस्पिकचा हुकूम होता आणि एक्का, राजा दोन्ही माझ्याकडे. कितीतरी दिवसांनी असा हात आला होता. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की समोरच्याकडचा हुकमाचा जॅक आपल्या वरच्या पानानं पकडला की त्याला आम्ही फाशी देणं म्हणतो, आणि या खेळात त्याहून मोठी गोष्ट नाही. ज्याचा जॅक फाशी गेला त्याला पुढचे कित्येक आठवडे रस्त्यानं चालणं कठीण होतं. बोकडाचा जॅक मी एकदा फासावर चढवला होता तेव्हा मी टॅक्सीच्या काचेवर काळी फीत बांधून फिरलो होतो, आणि उतारू त्याच्या घरी जाऊन सांत्वन करून आले होते.

मी एक्का टाकला. माझ्यानंतर बोकडाची पाळी. त्यानं सत्ती दिली. मग मी राजा टाकला. पूर्वी असा राजा मी आपटायचो, पेले हलायचे. आता नुसता ठेवला. बोकडानं त्याच्या पानांकडे बघितलं, दाढी खाजवली, आणि इस्पिकचा जॅक माझ्या राजाखाली सरकवला. "अरे वा," तो पुटपुटला. "गेला माझा जॅक." बासदईनं टाळ्या वाजवल्या. "छान खेळलात, मिस्टर लेझामा!" फेमीनं हसून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जॅक फाशी गेला होता आणि व्हरांड्यात शाळेच्या बक्षीस समारंभासारख्या टाळ्या वाजत होत्या. तरी, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. क्षणभर झाला. हातात पानं चांगली आली, डाव जमला, मीच मारला. बाकीचे हात पटापट झाले. शेवटचं पान पडलं तेव्हा बोकडानं त्याचं पान घाईनं, उलटं, ढिगाखाली सरकवायला घेतलं. वय झालंय त्याचंही. पान निसटलं आणि टेबलावर उताणं पडलं. इस्पिकची पंजी.

हुकमाची पंजी. त्याच्या हातात होती ती. मी राजा टाकला तेव्हाही होती. पंजी देऊन जॅक वाचवता येत होता, तान्ह्या मुलालाही कळेल, आणि या माणसानं जॅक दिला. फाशी जायला स्वतःहून पाठवला. मी पंजीकडे बघितलं. सगळ्यांनी पंजीकडे बघितलं. मग सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितलं, बासदईनं कुंडीकडे, फेमीनं पेल्याकडे, आणि बोकड पत्ते गोळा करायला लागला.

माझं डोकं तापलं. लाज म्हणायची की राग ते सांगता येणार नाही. मी डावा हात पत्त्यांच्या ढिगावर ठेवला. बोकड थांबला. मी तोंड उघडलं.

"बो..." मी म्हणालो. "बो..."

तिघांचे चेहरे मऊ झाले. मला ते चेहरे पाठ आहेत. "बोलू नकोस, दमशील," फेमी म्हणाली, "तुला बाहेर जायचंय का? त्याला बाहेर..." मी हात वर केला. तिच्या तोंडापुढे धरला, अगदी जवळ, पोलीस धरतो तसा. ती गप्प झाली. लग्नापासून पहिल्यांदाच असेल. आता कोणीच माझं वाक्य घेणार नव्हतं. ते सगळं माझ्याकडेच होतं. आत ते तयार होतं, लखलखीत, पण बाहेर आणायचं म्हणजे चढ होता, आणि मी ती जुनी गाडी पहिल्या गिअरवर घातली. रस्त्यावरून एक बस गेली. बासदईनं हातानंच वारा घ्यायला सुरुवात केली आणि मधेच थांबली.

"बोकडा," मी म्हणालो. तेवढं आलं. "झटका... मला... आला." श्वास घेतला. लाळ आली ती पुसली नाही. "मग पानं... तुझ्या... हातून... का... गळतात?"

शेजारच्या घरातला क्रिकेटचा रेडिओ शब्दन् शब्द ऐकू आला. बोकडाचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, आणि त्याचं तोंड उघडलं. मी बघितलं त्याला. उत्तर आलं होतं त्याच्या तोंडात, मला दिसलं, तीस वर्षं त्या तोंडाकडे बघतोय मी, दाढीचं टोक हलतं त्याच्या उत्तराआधी. हललं ते. आणि त्यानं ते गिळलं. गिळून त्यानं फेमीकडे बघितलं. परवानगी मागतात तसं बघितलं. बासदईनंही फेमीकडेच बघितलं.

तेव्हा मला समजलं. म्हणजे फेमी! ही घरोघर गेली होती. बासदईच्या गाडीवर, अड्ड्यावर, इथे वर बोकडाकडे, प्रत्येकाला सांगून आली होती, की माझ्या नवऱ्याला काही बोलू नका, बोलता बोलताच त्याला झटका आला, पुन्हा येईल. बेलमाँटभर तिनं पिकाँगला बंदी घालून ठेवली होती, माझ्यापुरती. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं आणि ओठ घट्ट मिटलेले होते, आणि एवढी भ्यालेली फेमी मी कधी पाहिली नव्हती. तिला वाटत होतं बोकड बोलला तर मी पुन्हा पडेन. मला राग धरता आला नाही. मी उजवा हात, तो मेलेला हात, डाव्या हातानं उचलून टेबलावर तिच्यापुढे ठेवला. बोटं थोडी हलवली, हलतील तेवढी. ती त्या बोटांकडे बघत राहिली. मग तिनं नाक ओढलं, खुर्ची मागे सारली आणि बोकडावर खेकसली, "माझ्याकडे काय बघतोस, मेल्या? दे की उत्तर! का जीभही पत्त्यांबरोबर टाकलीस?"

बोकडानं दोन्ही हात टेबलावर टेकले. माझ्याकडे बघितलं, सरळ, डोळ्यांत, त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"भोंग्या," तो म्हणाला, "तू हे वाक्य सुरू केलंस ना, तेव्हा माझी दाढी काळी होती."

आधी बासदई फुटली. तिचं हसू म्हणजे पत्र्यावर नारळ पडल्याचा आवाज. मग फेमी, रडत रडत हसायला लागली, की हसत हसत रडायला, तिचं तिलाच कळत नव्हतं, टेबलावर बुक्के मारत होती, पेले हलत होते. आणि माझ्या पोटातून काहीतरी निघालं ते कुठेही अडलं नाही. हसायला शब्द लागत नाहीत. तोंड वाकडं झालं असेल, होऊ दे, लाळ गळली असेल, गळू दे. बोकडही हसत होता, पण मधेच त्याचा चेहरा आक्रसला आणि तो दाढीत तोंड खुपसून बसला. खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, जोरात. डावा हात आहे, पण जोर आहे त्यात.

"त्या दिवशी," तो डोळे पुसत म्हणाला, "माझी गाडी चढाला का घाबरते, ते तू सांगत होतास. 'कारण' म्हणालास आणि पडलास. मी रोज विचार करतो रे. कारण काय?"

मला आठवत नव्हतं. खरंच सांगतो, त्या दिवशी सुचलेलं ते सगळं कुठेतरी डांबरावरच राहिलं. पण हे मी तोंडावर दाखवीन तर भोंगा कसला.

"राहू दे," मी म्हणालो. "तुला... झेपायचं... नाही."

"झेपायचं नाही म्हणे!" बोकड ओरडला. "बासदई, वाट पत्ते! आणि ती उशी काढ आधी त्याच्या पाठीमागून. माझी चांगली उशी आहे ती." बासदईनं उशी ओढून घेतली. संध्याकाळपर्यंत त्यांनी आम्हाला असं धुतलं की काही विचारू नका. बोकडानं माझा जॅक पकडला, खुर्चीवर चढला, आणि गल्लीतल्या लोकांना हाका मारून मारून माझ्या जॅकच्या अंत्यविधीची वेळ सांगितली. फेमी मला म्हणाली, "तुझ्यापेक्षा लुळा हात बरा खेळला असता." घरी जाताना चढ उतरायचा होता. तिनं माझा दंड धरला होता, आणि अर्ध्या वाटेत हळूच म्हणाली, "मला फार भीती वाटते रे." मी म्हणालो, "मला... पण." ती पुढचं काही जोडायला लागली नाही. वाट बघत चालत राहिली, आणि मला जास्त काही म्हणायचं नव्हतं.

सोमवारी मिस ग्रेझेटकडे जायचं होतं. सकाळी उतरलो, कोपऱ्यावर आलो. रांग होती. पुढच्या माणसांनी मला बघितलं आणि पुन्हा तसेच बाजूला व्हायला लागले, बिचारी चांगली माणसं. मीही, सवय म्हणा, काठी पुढे टाकली.

"ए भोंग्या!" गाडीमागून बासदई कडाडली. "कुठे निघाली स्वारी? डोळेही गेले का? रांग तिकडून आहे!"

सगळे दचकले. एकानं तर माझ्याकडे असं बघितलं की आता मी कोसळणार. मग मागून कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि बाजूला झालेली माणसं पुन्हा आपापल्या जागी सरकली, घट्ट, एकाला एक चिकटून, मला शिरायला बोटभर जागा न ठेवता. मी वळलो. काठी टेकत टेकत सगळ्यांत मागे गेलो आणि उभा राहिलो. रांग लांब होती, फार बरं झालं. मला मिस ग्रेझेटचं वाक्य जुळवायला वेळ हवा होता. तुमचं... बेट... इतकं... लहान... की...